वाढतं घर आणि आखलेला मोहल्ला

वाढतं घर म्हणजे ठरलेल्या मापाच्या टप्प्यांत बांधायचं घर. आधी पाया, एक खोली, मोरी-संडास. पुढे हातात पैसा येईल तशी दुसरी खोली, मग माडी. खोल्या, दारं-खिडक्या आणि छताचे भाग एकाच मापाचे ठेवले की साहित्य कमी वाया जातं. यालाच मॉड्युलर पद्धत म्हणतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या शिक्षक, कारकून, दुकानदार कुटुंबांना ती सोयीची आहे. व्याजाचं कर्ज टाळणाऱ्यांना तर जास्तच. मात्र घर पुढे वाढवता येईल की नाही, हे मोहल्ल्याचा नकाशा ठरवतो. म्हणून आम्ही इथे नकाशाबद्दल लिहीत आहोत.

बेलापूरचा नमुना

नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात अशी वसाहत आखली. प्लॉट साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे लहान-मोठ्या उत्पन्नाच्या घरांत फार फरक नाही. सात घरांमध्ये मिळून एक अंगण, आणि असे तीन गट मिळून २१ घरांचं मोठं अंगण. दोन घरांची भिंत सामायिक ठेवली नाही, त्यामुळे शेजाऱ्याला त्रास न देता घर वाढवता येतं. पुढे अनेकांनी मूळ घरं पाडून मोठी बांधली.

इंदूरचं अरण्य

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला 'अरण्य' वसाहत आखली. सुमारे ६,५०० प्लॉट. गरीब कुटुंबांना जोता, संडास आणि पाणी-नालीची सोय तयार मिळाली. बाकी घर त्यांनी स्वतः बांधायचं. मोठे प्लॉट जास्त भावाने विकून लहान प्लॉटचा भार हलका केला. १९९५ मध्ये या वसाहतीला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे काय बघावं?

१. जमीन: सातबारा, फेरफार, अकृषक परवानगी आणि मंजूर ले-आऊट पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६अ नुसार, शासनाची पूर्वमान्यता घेऊन जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिल्याशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. कायदा आदिवासी बांधवांच्या हक्कासाठी आहे. नोटरीच्या कागदावर तो टाळता येत नाही.

२. पाया: पुढे माडी चढवायची असेल तर पाया, कॉलम आज त्याच हिशेबाने इंजिनिअरकडून काढून घ्या. जिन्याची जागा सोडा. वर ठेवलेल्या सळया गंजू नयेत म्हणून झाकून ठेवा.

३. ऊन-पाऊस: इथला उन्हाळा कडक, पाऊस दांडगा. उंच जोता, पुढे आलेलं छप्पर, ओसरी आणि समोरासमोर खिडक्या हव्याच. बांबू वापरायचा तर तो बोरॅक्स-बोरिक ॲसिडने प्रक्रिया केलेला असावा आणि त्याला जमिनीची ओल लागू नये. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

४. नाली आणि मोकळी जागा: घर दहा वर्षांनी वाढेल, पण नाली, रस्ता आणि मुलांच्या खेळण्याची जागा पहिल्याच दिवशी नकाशात हवी. एकदा घरं उभी राहिली की ती काढता येत नाही.

चार-पाच कुटुंबं मिळून प्लॉट बघत असाल तर भावाची घासाघीस नंतर करा. आधी नकाशा मागा.