एका दगडाचे दोन पत्ते

सन १८०२ मध्यें विल्यम लॅम्बटन यांनीं मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. १८२३ सालीं हिंगणघाट येथें त्यांचें देहावसान झालें. कार्य जॉर्ज एव्हरेस्ट यांनीं पुढें नेलें. ध्रुवांशीं किंचित् चपट्या अशा पृथ्वीगोलाचीं मापें त्यांनीं १८३० सालीं दिलीं. त्यांवर, सिरोंजजवळील कल्याणपूर हें मूलस्थान मानून, देशाचे अक्षांश-रेखांश ठरले.

हें गणित या भूमीस जुळलें; अखिल पृथ्वीस नव्हे. उपग्रहांच्या साह्यानें सिद्ध झालेल्या १९८४ च्या जागतिक मानांत विषुववृत्ताची त्रिज्या एव्हरेस्ट यांच्या मापाहून सुमारें ८६० मीटर अधिक ठरली, आणि गणिताचें मूळ पृथ्वीच्या मध्याशीं गेलें. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा-धोरणानें खुल्या नकाशांसाठीं हेंच मान स्वीकारलें. मोजणीचा दगड जागचा हलला नाहीं. पत्ता तेवढा बदलला. मध्य भारतांत हा फरक शंभर मीटरांहून अधिक भरतो.

आज विमानांतून टिपलेलीं छायाचित्रें जोडून संगणक नकाशा रचतो. जुन्या दगडांचे आंकडे रूपांतर न करतां नवे म्हणून त्यास दिले, तर एकाचें शेत दुसऱ्याच्या हद्दींत जाऊन बसतें, आणि नकाशा दिसतो मात्र निर्दोष! म्हणून आंकड्याबरोबर त्याचें कूळही लिहून ठेवणें, हा मोजणीदाराचा पहिला धर्म होय.