रेटिनॉल: माशाच्या यकृतापासून डोळ्यांखालच्या क्रीमपर्यंत



रेटिनॉल हा शब्द डोळ्यातून आला आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो तो रेटिना, आणि त्या पडद्याच्या कामाला जे व्हिटॅमिन ए लागतं ते रेटिनॉल. आज आपण हेच नाव डोळ्यांखाली लावायच्या क्रीमच्या ट्यूबवर वाचतो. स्थानकातून बाहेर पडताना, पर्युषणाच्या तयारीत, लग्नाच्या खरेदीत विषय निघतो तो असा: "माझं संपलं, फरक थोडाच पडला, आता जास्त स्ट्राँग घेऊ का?" मग हळूच दुसरा प्रश्न येतो: "यात मासा नसतो ना?" आणि एखादी तिसरा विचारते: "हे कुणावर तरी तपासलं असेल ना?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि तिन्हींची उत्तरं रेटिनॉलच्या इतिहासात सापडतात.

आधी होतं यकृत

रातांधळेपणा हा फार जुना आजार. संध्याकाळ झाली की दिसेनासं होतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या वैद्यकीय लेखनात त्यावर प्राण्याच्या यकृताचा उपाय आहे, आणि आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही बोकडाच्या यकृताचा उल्लेख आहे. यकृतात व्हिटॅमिन ए साठवलेलं असतं, म्हणून गुण येत असे. हे कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळायला १९१३ साल उजाडलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गरेट डेव्हिस यांना दिसलं, की उंदरांच्या खाण्यात लोणी किंवा अंड्याच्या बलकातला अंश असला तर ते वाढतात, नसला तर वाढ खुंटते. या अंशाला पुढे व्हिटॅमिन ए म्हटलं गेलं. १९३१ मध्ये पॉल कारर यांनी माशाच्या यकृताच्या तेलातून मिळवलेल्या व्हिटॅमिन एची रचना मांडली. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना तेच व्हिटॅमिन डोळ्याच्या पडद्यात सापडलं. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, कारर यांना १९३७ मध्ये आणि वॉल्ड यांना १९६७ मध्ये.

त्या काळात व्हिटॅमिन ए औषध म्हणून घ्यायचं तर कॉड माशाच्या यकृताचं तेल घ्यावं लागे. दुसऱ्या महायुद्धात त्याची आयात अडली, तेव्हा भारताच्या किनाऱ्यावर शार्कच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली. कोकणात ज्याला मुशी म्हणतात तोच हा मासा. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत डॉक्टरांनी "बाळाला तेल द्या" म्हटलं की जैन घरात पेच पडायचा, तो याच तेलामुळे.

शाकाहारी वाटही त्याच सुमारास उजेडात आली होती. १९३० मध्ये केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी दाखवलं, की झाडांतलं पिवळं-केशरी कॅरोटीन शरीरात गेल्यावर व्हिटॅमिन ए बनतं. कॅरोटीन म्हटलं की सगळे गाजराचं नाव घेतात. कंदमूळ न खाणाऱ्या आपल्या घरांत गाजर येत नाही, पण शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, पिकलेला आंबा, पपई, लाल भोपळा यांत कॅरोटीन भरपूर असतं. त्यावर तूप घातलं की ते अंगाला लागतं, कारण ते तेला-तुपात विरघळणारं आहे. आपल्या स्वयंपाकाने हे विज्ञानाच्या आधीच साधलं होतं.

ठाण्यातलं गवती तेल

यकृताची गरज संपली ती १९४७ च्या सुमारास. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, रोश कंपनीत, ऑटो आयस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिटॅमिन ए कारखान्यात बनवता येईल अशी रीत शोधली. तिचा आरंभ बीटा-आयोनोन नावाच्या पदार्थापासून होतो, आणि तो बनतो सिट्रलपासून. आपण सकाळी चहात गवती चहाची पात टाकतो तेव्हा जो लिंबासारखा वास दरवळतो, तो सिट्रलचा.

म्हणूनच हा इतिहास महाराष्ट्रात येतो. ठाण्याला रोश आणि ग्लॅक्सो या कंपन्यांच्या कारखान्यांत व्हिटॅमिन ए तयार होऊ लागलं, आणि आपल्या देशात त्यासाठी कच्चा माल होता लेमनग्रासचं तेल. केरळच्या डोंगरांत पिकणारं हे गवत आपल्या गवती चहाचं सख्खं भावंड. ज्या वस्तूसाठी काही वर्षांपूर्वी मासा मारावा लागे, ती आता गवतापासून होऊ लागली.

या व्हिटॅमिनने केवढं काम केलं तेही आठवूया. वनस्पती तुपात व्हिटॅमिन ए घालणं आपल्याकडे १९५३ पासून सक्तीचं झालं. १९७० मध्ये सरकारने लहान मुलांना व्हिटॅमिन एचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, कारण त्याच्या अभावाने मुलांच्या बुबुळाला जखम होऊन कायमचं अंधत्व येत होतं. गोवराच्या लसीबरोबर अंगणवाडीत किंवा दवाखान्यात चमच्याने पाजलेलं ते पिवळसर औषध आपल्या मुलांनी घेतलेलं आहे. क्रीममधलं रेटिनॉल त्याच घराण्यातलं.

तेव्हा मैत्रिणींनो, "यात मासा असतो का" याचं उत्तर असं: आज बाजारात येणारं रेटिनॉल जवळजवळ सगळं कारखान्यात रासायनिक रीतीने बनवलेलं असतं. आता त्याचं सिट्रल बहुतेक वेळा गवताऐवजी खनिज तेलाच्या पदार्थांपासून तयार होतं. २०१७ मध्ये जर्मनीत सिट्रलच्या एका कारखान्याला आग लागली, तर जगभर व्हिटॅमिन एची टंचाई झाली.

डबीत रेटिनॉलच्या सोबतीला काय आहे ते मात्र पाहावं लागतं. कोलॅजन मासा किंवा गाईगुरांपासून येतं. स्क्वॅलेन पूर्वी शार्कच्या यकृतातून काढत, आता ते ऊस किंवा ऑलिव्हपासूनही बनतं. मधमाशीचं मेण, मेंढीच्या लोकरीचं लॅनोलिन, जिलेटिनच्या छोट्या कॅप्सूलमध्ये भरलेलं सीरम, हेही असतं. यादी बारीक अक्षरात असली तरी चष्मा लावून वाचायची.

कैद्यांची पाठ, सशाचे डोळे

व्हिटॅमिन ए चेहऱ्यावर आलं ते मुरुमांमुळे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ मध्ये व्हिटॅमिन एच्या आम्लाचा, म्हणजे ट्रेटिनॉइनचा, मुरुमांवरचा उपयोग प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये तिथे त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. १९८६ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं, की उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेतही त्याने सुधारणा होते. १९८८ मध्ये दुसऱ्या एका गटाचं संशोधन वर्तमानपत्रांत गाजलं आणि औषधांच्या दुकानांत झुंबड उडाली. ट्रेटिनॉइनला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, म्हणून सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी त्याचं सौम्य भावंड, रेटिनॉल, क्रीममध्ये आणलं.

याची दुसरी बाजू कळवळायला लावणारी आहे. क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ अशी सुमारे तेवीस वर्षं कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग केले. बहुतेक कैदी कृष्णवर्णीय होते. थोड्या पैशांसाठी त्यांनी पाठ आणि हात पुढे केले, आणि आपल्याला काय लावलं जात आहे हे अनेकांना नीट सांगितलंही गेलं नाही. ट्रेटिनॉइनचे सुरुवातीचे प्रयोग याच तुरुंगात झाले. २०२१ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने आणि २०२२ मध्ये फिलाडेल्फिया शहराने या प्रकाराबद्दल माफी मागितली. पन्नास वर्षांनी आलेलं ते मिच्छामि दुक्कडम्.

आणि प्राणी? १९४४ मध्ये जॉन ड्रेझ यांची चाचणी प्रसिद्ध झाली. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, याला गुण द्यायचे. आपल्या डोळ्यांच्या सौंदर्यासाठी मुक्या सशाचे डोळे. या क्रूरतेविरुद्ध इंग्लंडमध्ये लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी १९५९ मध्ये ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था काढली. तिची भारतातली शाखा १९७४ मध्ये डायना रत्नागर यांनी आपल्या पुण्यातच उभी केली. वाघोलीहून वानवडी काही फार दूर नाही. कोणत्या वस्तूत प्राण्याचा अंश आहे, कोणती प्राण्यांवर तपासली आहे, याच्या याद्या या संस्थेने वर्षानुवर्षं चिकाटीने तयार केल्या, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांनी त्या वापरल्या.

२०१४ मध्ये भारत सरकारने सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी घातली आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही. ही बंदी प्रसाधनांपुरती आहे, औषधांना ती लागू नाही. ट्रेटिनॉइन औषध आहे, रेटिनॉलचं क्रीम प्रसाधन. "जास्त स्ट्राँग" म्हणत आपण एकातून दुसऱ्यात पाऊल टाकतो तेव्हा हा फरकही आपल्याला माहीत असावा.

स्ट्राँग म्हणजे नेमकं काय

रेटिनॉल त्वचेत गेल्यावर आधी रेटिनाल्डिहाइड बनतं आणि मग आम्ल. खरं काम हे आम्ल करतं. म्हणून ट्यूबवरचं नाव हीच तीव्रतेची पायरी: रेटिनाइल पाल्मिटेट सगळ्यांत सौम्य, मग रेटिनॉल, त्यावर रेटिनाल्डिहाइड, आणि सगळ्यांत वर ट्रेटिनॉइन. नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन हे ०.५ टक्के रेटिनॉलपेक्षा आकड्याने लहान दिसतं, तरी ते जास्त तीव्र असू शकतं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ०.३ टक्के ठरवली. आपल्याकडे नगर रोडवरच्या दुकानात किंवा मोबाइलवर १ टक्क्याचं सीरमही सहज मिळतं, आणि ते डोळ्यांसाठी आहे का, हे कुणी विचारत नाही.

पापणीची त्वचा शरीरात सगळ्यांत पातळ. तिच्याखाली चरबीचा थर नाही, आणि पापणीच्या कडेला डोळा ओला ठेवणाऱ्या तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तीव्र क्रीम तिथवर पसरलं तर डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचं आणखी एक आहे. ती भाजली, सोलली, लाल झाली की बरी होताना काळी पडते. म्हणजे काळी वर्तुळं घालवायला घेतलेलं स्ट्राँग क्रीम ती वर्तुळं गडद करू शकतं. शिवाय वर्तुळं काही एकाच कारणाने येत नाहीत. रक्त कमी असणं, झोप अपुरी, ॲलर्जीमुळे डोळे चोळणं, डोळ्याखाली पडलेली खळी किंवा घराण्याचाच रंग, यांतल्या बहुतेकांवर रेटिनॉलचा इलाज नाही. ते बारीक सुरकुत्यांना उपयोगी आहे, आणि तेही हळूहळू.

म्हणून माझा हिशेब जयणेचा. पाणी गाळताना, चूल पेटवताना आपण जी जपणूक करतो, तीच इथे. काम होईल तेवढंच, त्याहून जास्त नाही.

डोळ्यांसाठीच बनवलेलं, ०.१ टक्क्याच्या आसपासचं रेटिनॉल घ्या. आठवड्यातून दोन रात्री, दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. डोळ्याखालच्या हाडावर लावा, वरच्या पापणीवर आणि पापण्यांच्या केसांजवळ नको. आधी साधं मॉइश्चरायझर लावलं तर आग कमी होते. तीन महिने थांबा. त्वचेला नवं कोलॅजन करायला तेवढा वेळ लागतोच. दिवसा सनस्क्रीन हवंच, स्कूटीवरून भाजी आणायला जातानासुद्धा. इतकं करून त्रास काहीच नाही आणि फरकही नाही, तरच एक पायरी वर जा. ट्रेटिनॉइन मात्र डोळ्यांजवळ त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कधीच नाही. गरोदर असाल, दिवस राहावेत अशी इच्छा असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर यातलं काहीही लावू नका. डोळे कोरडे असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि अठाई किंवा वर्षीतप चालू असताना नवी ट्यूब उघडू नका, पारणं होऊ द्या.

सनत्कुमार चक्रवर्तीची कथा आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकली आहे. रूपाचा गर्व झाला आणि त्याच देहात रोग दिसले. ती कथा सुरकुत्या घालवू नका असं सांगत नाही, पण रूपापायी कुठवर जायचं ते आपल्याला विचारते. करणं, करवणं आणि अनुमोदन हे तिन्ही आपण मोजतो, आणि दुकानात पैसे देणं हेही अनुमोदनच. पुढच्या वेळी ट्यूब हातात घ्याल तेव्हा टक्क्यांच्या आधी मागची यादी वाचा, आणि कळलं नाही तर कंपनीला पत्र किंवा मेल लिहून सरळ विचारा. पुण्यातल्या बायकांनी १९७४ पासून असे प्रश्न विचारले आहेत, आणि कंपन्यांना उत्तरं द्यावी लागली आहेत.