नाणे एक, तिजोऱ्या अनेक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ सालचा ग्रंथ आपल्या चळवळीत नावाने सर्वांना ठाऊक आहे. जयंतीच्या भाषणात त्यांच्या विद्वत्तेचा पुरावा म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु त्या ग्रंथातला प्रश्न काय होता, हे सांगणारा वक्ता क्वचित भेटतो. रुपयाचा पौंडाशी असलेला दर स्थिर ठेवला म्हणजे नाणे स्थिर झाले, असे सरकार मानत होते. बाबासाहेब विचारत होते : त्या रुपयात इथल्या माणसाला जे विकत मिळते, ते स्थिर आहे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी स्वस्त झाली, रुपया घसरला, निर्यातीला जोर आला. देशाचा फायदा झाला, असे पुष्कळांनी मानले. बाबासाहेबांनी दाखवून दिले की भाव वाढले, तशी मजुरी वाढली नाही. मालकाचा नफा मजुराच्या ताटातून उचललेला होता. 'देश' या शब्दाच्या आड दोन वर्ग उभे होते.

हा प्रश्न हाती घेऊन युरोपच्या सामाईक चलनाचा, म्हणजे युरोचा, इतिहास तपासावा असे मला वाटते. आपल्याकडे 'एक चलन' म्हटले की एकता, प्रगती, आधुनिकता असे शब्द आपोआप येतात. चलनाने कोणाला एकत्र आणले आणि संकटाचे ओझे कोणाच्या पाठीवर टाकले, हे मात्र विचारले जात नाही.

देशाजवळ स्वतःचे चलन असते तेव्हा संकटात त्याच्या हाती तीन साधने असतात. चलनाचा दर उतरवून आपला माल परदेशात स्वस्त करता येतो. व्याजाचा दर आपल्या गरजेप्रमाणे ठरवता येतो. आणि सरकारचे कर्ज स्वतःच्याच चलनात असेल तर अखेरच्या घटकेला मध्यवर्ती बँक पाठीशी उभी राहू शकते. सामाईक चलनात शिरताना ही तिन्ही साधने दाराबाहेर ठेवावी लागतात. त्याच्या बदल्यात व्यापार सोपा होतो, विनिमयाचा खर्च वाचतो, कर्ज स्वस्त मिळते. हे फायदे खोटे नाहीत. पण ते चांगल्या दिवसांचे फायदे आहेत.

अर्थशास्त्रज्ञांनी हा धोका आधीच ओळखला होता. एक चलन किती मोठ्या प्रदेशाला पेलते, हा प्रश्न रॉबर्ट मंडेल यांनी १९६१ साली मांडला. बेकार झालेला कामगार जिथे काम आहे तिथे सहज जाऊ शकतो, तिथवर, असे त्यांचे थोडक्यात उत्तर होते. १९६९ साली पीटर केनेन यांनी सामाईक तिजोरीचा मुद्दा जोडला. जिथला कर एका पेटीत जमतो आणि बुडत्या भागाकडे त्याच पेटीतून मदत जाते, तिथे एक चलन टिकते. १९७७ साली मॅकडूगल समितीने युरोपीय समुदायाला हिशेबच मांडून दिला. लहान संघराज्याइतकी जबाबदारी घ्यायची म्हटली तरी सामाईक अंदाजपत्रक एकूण उत्पन्नाच्या पाच ते सात टक्के लागेल. प्रत्यक्षात युरोपचे अंदाजपत्रक एक टक्क्याच्या आसपासच राहिले.

तरीही १९९२ साली मास्ट्रिख्टचा करार झाला. तूट तीन टक्क्यांच्या आत ठेवा, कर्ज साठ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि एका देशाच्या कर्जाची जबाबदारी दुसऱ्यावर नाही, अशी कलमे लिहिली गेली. नाणे एक, तिजोऱ्या अनेक! १ जानेवारी १९९९ रोजी अकरा देशांनी युरो स्वीकारला. ग्रीस २००१ साली आत आला आणि त्याचा द्राख्मा इतिहासजमा झाला.

पहिली वर्षे सुखाची गेली. ग्रीसच्या सरकारला जवळजवळ जर्मनीच्या दराने कर्ज मिळू लागले. जर्मन आणि फ्रेंच बँकांचा पैसा दक्षिणेकडे वाहत होता. जर्मनीत कामगारांचे वेतन आवरून धरले जात होते आणि तिथला माल सर्वत्र खपत होता. ग्रीसच्या राज्यकर्त्यांनी आकडे लपवले, धनिकांचा कर वसूल केला नाही, कर्जावर खर्च भागवला. हे झाकण्याचे कारण नाही. परंतु कर्ज घेणारा होता तसा देणाराही होता, आणि त्याने डोळे उघडे ठेवूनच दिले होते.

२००९ च्या अखेरीस खरे आकडे बाहेर आले. त्या वर्षाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांहून अधिक ठरली. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोचे कर्ज मंजूर झाले. युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या तिघांनी त्यासोबत अटी घातल्या. या पैशाचा फार मोठा भाग जुन्या सावकारांची देणी भागवण्यात आणि बँका सावरण्यात गेला.

चलनाचा दर उतरवता येत नव्हता. म्हणून माणसाचा दर उतरवला गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन कायद्यानेच २२ टक्के कापले; पंचविशीच्या आतल्यांचे ३२ टक्के. पेन्शनी कापल्या, इस्पितळांचा खर्च कापला. २०१३ साली सत्तावीस टक्क्यांहून अधिक कामकरी लोक बेकार होते. राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने घटले. जुलै २०१५ च्या सार्वमतात एकसष्ट टक्के मतदारांनी अटी नाकारल्या. तेव्हा बँका बंद होत्या आणि यंत्रातून दिवसाला साठ युरोच काढता येत होते. काही दिवसांतच सरकारला नव्या अटींवर सही करावी लागली. मतपेटी लोकांच्या हाती होती; नाण्याची किल्ली त्यांच्या हाती नव्हती.

याच काळात कर्जात बुडालेल्या पोर्तुगाल, इटली, ग्रीस, स्पेन यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जुळवलेला 'डुकरे' हा शब्द वृत्तपत्रांनी सर्रास वापरला. आळशी, उधळे, फुकटे अशी विशेषणे लागली. आपल्या वाचकाला ही रीत नवी नाही. आधी माणसाला साधनांवाचून ठेवायचे, मग त्याच्या दैन्याला त्याचा स्वभाव कारण आहे म्हणून सांगायचे. वस्तुस्थिती काय होती? २००७ साली स्पेनच्या आणि आयर्लंडच्या सरकारांचे कर्ज साठ टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी होते. नियम पाळणारेही बुडाले. दोष स्वभावाचा असता तर असे झाले नसते; दोष रचनेत होता.

इथे कोणी विचारील : ग्रीसजवळ द्राख्मा असता आणि तो घसरला असता तर मजूर सुखी झाला असता काय? बाबासाहेबांनीच तर घसरत्या रुपयाने मजूर नागवला जातो असे सांगितले. हा आक्षेप रास्त आहे. नाणे घसरले की महागाई मजुरी खाते. नाणे घसरू दिले नाही की मजुरी आणि नोकरी दोन्ही थेट कापली जातात. शिवाय सरकारला हवे तेवढे नाणे काढण्याची मोकळीक असावी, असे बाबासाहेबांचे मत कधीच नव्हते. म्हणून त्यांना युरोचे विरोधक ठरवण्याचा माझा खटाटोप नाही. मी त्यांच्याकडून घेतो तो प्रश्न : तडजोडीचा भार कोणी वाहायचा? याचे उत्तर नाण्यात नसते, तिजोरीत असते.

भारतात अनेक भाषांचे, विषम उत्पन्नाचे प्रांत एका रुपयावर चालतात, ते याच आधारावर. केंद्र आणि प्रांतांच्या आर्थिक संबंधांवर बाबासाहेबांनी १९२५ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे संविधानाच्या २८० व्या कलमाने वित्त आयोग आला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. मुंबईच्या पगारदाराच्या पाकिटातला पैसा मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत पोहोचण्याची वाट कायद्याने तयार झाली. ती वाट अरुंद आहे, तिच्यावर चोरही आहेत. पण ग्रीसच्या मजुरापासून जर्मनीच्या तिजोरीपर्यंत तशी वाटच नव्हती.

युरोपने काही धडा घेतला. २०२० च्या महामारीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर सामाईक कर्ज काढून ७५० अब्ज युरोचा निधी उभारण्याचे ठरले आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग परतफेडीविना द्यायचा ठरला. पण ही व्यवस्था तात्पुरती म्हणूनच मान्य झाली. दरम्यान नवे देश आत येतच राहिले. २०२३ साली क्रोएशिया विसावा सभासद झाला.

चलनाची एकता आणि जबाबदारीची विषमता फार काळ एकत्र नांदत नाहीत. ज्यांच्या हाती श्रमाखेरीज काही नाही, त्यांनाच त्या विसंगतीची किंमत मोजावी लागते. म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी चलन, व्याज, तूट हे विषय तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होऊ नये. बाबासाहेबांनी ते सोपवले नव्हते. एकीकरणाची प्रत्येक योजना समोर आली की नाण्यावरचा छाप पाहू नका. तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, ते आधी विचारा.