अधिक एक, उणे एक

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या निमित्ताने महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आठवते. बाहुक या नावाने सारथ्य करणारा नल राजा ऋतुपर्णाला घेऊन विदर्भाकडे निघाला आहे. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल रथ थांबवतो, झाड तोडून फळे मोजतो, आणि संख्या तंतोतंत जुळते. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, आणि त्या विद्येच्या बळावर नल पुष्कराकडून आपले राज्य परत जिंकतो. बेहड्याची फळे त्या काळी फासे म्हणून वापरीत, हे लक्षात घेतले की कथेत नेमके तेच झाड का आले ते कळते. ऋतुपर्णाने मोजले कसे, हे मात्र कथा सांगत नाही.

द्यूतात उपयोगी पडणारी अशीच एक मोजणीची विद्या विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाली. तिची रीत पायरीपायरीने लिहून ठेवलेली आहे. ब्लॅकजॅक किंवा ‘एकवीस’ या पत्त्यांच्या खेळात गेलेले पत्ते मोजण्याची ही विद्या. मी वाणिज्य शाखेचा. गणिताशी माझा संबंध खतावणीतल्या बेरीज-वजाबाकीपुरता. जुगाराच्या अड्ड्यापेक्षा मला एका प्रश्नाने या विषयाकडे ओढले. जी गोष्ट सिद्ध करायला विद्यापीठातला संगणक लागला, ती अवघ्या काही वर्षांत एक आणि उणे एक एवढ्या हिशेबात कशी बसली?

आधी खेळ समजून घेऊ. यात प्रत्येक खेळाडूची लढत एकट्या कॅसिनोशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याशी असते. हातातल्या पत्त्यांची बेरीज २१ च्या जास्तीत जास्त जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे. एक्क्याचा एक किंवा अकरा. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता आला तर तो ‘ब्लॅकजॅक’, आणि त्यावर जुन्या रिवाजाप्रमाणे दहा डॉलरला पंधरा डॉलर मिळत. वाटणाऱ्याला स्वतःची मर्जी नसते. सोळापर्यंत त्याने पत्ता घेतलाच पाहिजे आणि सतरा झाले की थांबलेच पाहिजे. तरी कॅसिनो जिंकतो, कारण खेळाडूला आधी खेळावे लागते. तो एकवीसच्या वर गेला की त्याचे पैसे तिथेच जातात. पुढे वाटणाराही वर गेला तरी ते परत मिळत नाहीत.

या खेळाचा एक गुण फाशांत किंवा रुलेटच्या चक्रात नाही. फाशाला मागचे दान आठवत नाही, पण वाटून झालेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. मेंढीकोट खेळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. चारांपैकी तीन दश्श्या पडल्या की चौथी कुणाकडे असेल याचा अंदाज तो बांधूच लागतो. ब्लॅकजॅकमध्ये हीच आठवण पैशांत किती मोलाची, हे ठरवायला मात्र खरे गणित लागले.

त्याची सुरुवात लष्करी छावणीत झाली. मेरीलंड राज्यातल्या अबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या शस्त्रचाचणी केंद्रावर १९५०च्या दशकात रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मट हे चार तरुण नोकरीला होते. टेबलावर ठेवायच्या गणकयंत्रांवर आकडे दाबत सुमारे दीड वर्ष त्यांनी हा खेळ उलगडला. खेळाडूच्या हातात अमुक बेरीज आहे आणि वाटणाऱ्याचा उघडा पत्ता अमुक आहे, अशा प्रत्येक स्थितीत पत्ता घ्यावा की थांबावे, याचे उत्तर त्यांनी काढले. १९५६ साली त्यांचा निबंध अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यांच्या हिशेबाने, इतके अचूक खेळूनही खेळाडू शंभर डॉलरमागे सरासरी ६२ सेंट हरतो. त्यांनी जिंकण्याचा मार्ग दिला नाही, पण हार किती कमी करता येते ते दाखवले. पत्त्यांवर विसंबलेल्या एका खेळातली ‘नशीब’ नावाची गोष्ट पहिल्यांदा एका लहानशा तक्त्यात मावली.

तो तक्ता एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाच्या हाती पडला. १९५८च्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत लास व्हेगसला गेल्यावर त्याने तक्ता हाताशी ठेवून थोडे डॉलर लावले आणि हरला. पण एक विचार त्याच्या डोक्यात राहिला. चौघांनी गणित भरल्या कॅटचे केले होते; पत्ते जसजसे कमी होतात तसतशी संधी बदलत असणार. पुढच्या वर्षी एमआयटीत शिकवायला गेल्यावर तिथला आयबीएम ७०४ हा संगणक त्याला वापरायला मिळाला. फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकून त्याने एकेका प्रकारचे पत्ते कॅटमधून काढून हिशेब करून पाहिला. चारही पंजे काढले की पारडे फिरते आणि खेळाडूला तीन टक्क्यांहून अधिक फायदा होतो, असे निघाले. हा निबंध नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसकडे पाठवायला सभासदाची शिफारस लागे. ती दिली क्लॉड शॅननने, माहितीशास्त्राच्या जनकाने. शीर्षकातला ‘जिंकून देणारी’ हा शब्द काढून ‘अनुकूल’ हा सौम्य शब्द घालायची सूचनाही त्याचीच. निबंध १९६१ साली छापला गेला आणि १९६२ साली थॉर्पचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आले.

त्या पुस्तकातली मुख्य पद्धत दहांच्या मोजणीची होती. बावन्न पत्त्यांत दहाच्या किमतीचे १६ आणि इतर ३६. दोन्ही आकडे डोक्यात धरायचे, प्रत्येक पत्त्यागणिक योग्य तो आकडा एकाने कमी करायचा, आणि पैसे लावण्याआधी दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. भरल्या कॅटला उत्तर येते २.२५, ते खाली आले की दहा जास्त उरलेत, म्हणजे संधी चांगली. कागदावर हे सोपे वाटते. मी घरी करून पाहिले. २३ भागिले ११ हे उत्तर मनात येईस्तोवर पुढचे चार पत्ते टेबलावर पडलेले असत. गणितज्ञाला हलकी वाटणारी पद्धत चारचौघांना अजून जडच होती.

ती हलकी केली हार्वी डुबनर या विद्युत अभियंत्याने. १९६३ साली संगणकतज्ज्ञांच्या एका परिषदेत त्याने आपली पद्धत मांडली, आणि ती परिषद भरली होती लास व्हेगसमध्येच. त्याची कल्पना अशी: दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की अधिक एक. सात, आठ, नऊ गेले तर काही नाही. दहा, चित्रे किंवा एक्का गेला की उणे एक. एका कॅटमध्ये अधिकचे २० पत्ते, उणेचे २० आणि शून्याचे १२, म्हणून पूर्ण कॅट मोजला की बेरीज शून्यावर यायला हवी. स्वतःची परीक्षा घेण्याची सोयही यातच आहे. न पाहता एक पत्ता बाजूला ठेवायचा आणि बाकीचे ५१ मोजायचे. बेरीज अधिक एक आली तर झाकलेला पत्ता दहाचा किंवा एक्का, उणे एक आली तर लहान, शून्य आली तर मधला. मला पहिल्या दिवशी तीन मिनिटे लागली. महिन्याभराच्या सरावाने पाऊण मिनिट. राजा आणि दुर्री एकदम दिसले की दोघांना एकत्र खोडायचे, ही युक्ती कळल्यावर वेग आपोआप आला.

मोठे पत्ते शिल्लक असणे खेळाडूच्या फायद्याचे का, हेही सूत्राशिवाय कळते. ब्लॅकजॅक दोघांनाही सारखाच येतो, पण दीडपट रक्कम फक्त खेळाडूला मिळते. शिवाय बारा ते सोळाच्या अडचणीच्या बेरजेवर खेळाडू थांबू शकतो, वाटणारा थांबू शकत नाही. दहांची गर्दी असेल तर तोच जास्त वेळा बुडतो. म्हणून बेरीज वर असताना मोठी रक्कम लावायची आणि खाली असताना किरकोळ. सहा कॅट एकत्र पिसले असतील तर एकच भागाकार करावा लागतो. बेरीज अधिक सहा आणि अजून तीन कॅट शिल्लक, तर खरी मोजणी अधिक दोन. प्रत्येक अंकाला ढोबळमानाने अर्धा टक्का धरला, तर अर्ध्या टक्क्याने मागे असलेला खेळाडू अधिक एकवर कॅसिनोच्या बरोबरीला येतो आणि अधिक दोनवर अर्ध्या टक्क्याने पुढे जातो.

इथे एक गोष्ट नजरेआड होता कामा नये. पंजा गेल्याने खेळाडूला होणारा फायदा दुर्री गेल्यापेक्षा बराच जास्त असतो, तरी दोघांनाही सारखाच एक दिला आहे. सत्ती गेल्यानेही थोडा लाभ होतो, तरी तिला शून्य. ही तडजोड जाणूनबुजून केलेली आहे. अचूकपणा थोडा सोडला की चुका पुष्कळ कमी होतात, आणि किती सोडला तर चालेल हे ठरवायला पुन्हा संगणकच लागला. आयबीएममधल्या ज्युलियन ब्रॉन याच्या गणनांच्या आधारे थॉर्पने १९६६च्या दुसऱ्या आवृत्तीत ही गुणांची मोजणी घातली. आज ‘जड गणिताशिवाय शिका’ असे सांगितले जाते, तेव्हा ते जड गणित आधीच कुणीतरी करून ठेवलेले असते. मला यात कमीपणा वाटत नाही. पाढे पाठ करणाऱ्या पोरानेही ते सिद्ध केलेले नसतात.

गणिताचा भार असा उतरला, पण दुसरा भार खेळाडूवर आलाच. मोजणी बिनचूक करूनही फायदा एकूण लावलेल्या रकमेच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास राहतो. एवढ्या बारीक नफ्यावर माणूस महिनोन्‌महिने तोट्यात असू शकतो. त्या काळात रक्कम भरून काढायची घाई न करणे, थकल्यावर उठणे, पदरी पुरेसे भांडवल असणे, यांवर सगळे ठरते. पुस्तक गाजल्यावर व्हेगसचे कॅसिनो घाबरले. १ एप्रिल १९६४ पासून त्यांनी रक्कम दुप्पट करण्याचे आणि एक्क्यांची जोडी फोडण्याचे नियम आवळले. गिऱ्हाईक रोडावले आणि काही आठवड्यांतच नियम मागे घ्यावे लागले. मग उमगले की घाबरण्यासारखे फारसे नव्हते. हा खेळ जिंकता येतो असे ऐकून लोक झुंडीने येत होते, आणि त्यांतले बहुतेक अर्धवट शिकून हरत होते. ब्लॅकजॅकची भरभराट या पुस्तकानंतरची आहे.

खरे मोजणारे थोडेच होते. त्यांना ओळखण्याची खूण एकच, लावलेल्या रकमेची चढउतार. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अल फ्रान्सेस्को याने तीही पुसली. त्याच्या टोळीतले मोजणारे वेगवेगळ्या टेबलांवर किरकोळ पैसे लावून बसत. बेरीज वर गेली की खूण करीत, आणि बेफिकीर श्रीमंताच्या थाटात फिरणारा गडी येऊन मोठी रक्कम लावी. त्याला मोजावेही लागत नसे. या टोळीत शिकलेला केन उस्टन आधी एका शेअरबाजाराचा मोठा अधिकारी होता. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीमध्ये रिसॉर्ट्स इंटरनॅशनल या कॅसिनोने १९७९ साली त्याला मोजतो म्हणून बाहेर काढले. तो न्यायालयात गेला.

माझ्या दृष्टीने या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान हे आहे. उस्टनने पत्त्यांवर खूण केली नव्हती, वाटणाऱ्याला फितवले नव्हते, यंत्र लपवले नव्हते. समोर उघडे पडलेले पत्ते पाहून त्याने मनात बेरीज केली होती. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खेळाचे नियम ठरवण्याचा अधिकार राज्याच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाचा आहे. आयोगाचा नियम नसताना कॅसिनो अशा खेळाडूला हाकलू शकत नाही. नेवाडात मात्र मोजणे गुन्हा नसले तरी मालक दार दाखवू शकतो. तिथल्या १९८५च्या कायद्याने मोजायला यंत्र वापरणे गुन्हा ठरवले. डोके वापरणे गुन्हा ठरले नाही.

माणसाला विचार करण्यापासून रोखता येईना, तेव्हा कॅसिनोंनी पत्ते बदलले. कॅट वाढून सहा-आठ झाले, पिसणी लवकर होऊ लागली, काही ठिकाणी गेलेले पत्ते लगेच परत घेऊन सतत पिसणारी यंत्रे आली. त्यांच्यापुढे मोजणी निरर्थक होते, कारण आठवण ठेवायला भूतकाळच उरत नाही. पुष्कळ टेबलांवर ब्लॅकजॅकला दहाला पंधराऐवजी बाराच डॉलर मिळू लागले. साधारण एकवीस डावांत एकदा येणाऱ्या हातावरचे हे तीन डॉलर म्हणजे घराच्या नफ्यात जवळजवळ दीड टक्क्याची भर. मोजणाऱ्याने कष्टाने मिळवलेला टक्का त्यात बुडतो. आश्चर्य याचे की असंख्य लोक त्या टेबलावर कुरकुर न करता बसतात. मोजणी शिकण्याआधी दहाला पंधरा मिळतात की बारा, एवढे टेबलावरचे अक्षर वाचले तरी अबर्डीनच्या त्या चौघांच्या दीड वर्षातला बराचसा लाभ पदरात पडतो. त्याला अधिक एक आणि उणे एकचीही गरज नाही.