लातूरची तूर काय म्हणते?

बार्शीच्या आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चोपड्यांच्या शेजारी एक काळी पेटी मांडलेली असते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते, लाह्याबत्ताशांचा प्रसादही पुढे ठेवला जातो. पेटी विटेएवढी. तोंडाशी लाल आकडे उमटण्याची काच आणि अंगाला चिकटलेले चिमुकले छपाईयंत्र. पाहुण्यांची मुले दरवर्षी विचारतात, "हे काय?" आमच्या धाकट्या काकांच्या एस्टीडी बूथचे ते मीटर. ते शेवटचे चालले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. पण मुलांना ते समजावून सांगू लागलो की माझी मोठी फजिती होते. एस्टीडी सांगावे तर ट्रंक कॉल सांगावा लागतो, ट्रंक कॉल सांगावा तर पी. पी. नंबर सांगावा लागतो, आणि तोवर मुले आपापल्या मोबाईलवर दुसरेच काही पाहू लागलेली असतात! म्हणून यंदा ही हकीकत एकदा लिहूनच काढावी असे ठरविले.

टेलिफोनचे पेटंट ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली मिळाले आणि १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे एक्स्चेंजे चालू झाली. अवघ्या सहा वर्षांत हे यंत्र आपल्या देशात आले, हे पाहून कोणास वाटेल की पुढची मजल झपाट्याने गाठली गेली असेल. तसे काही घडले नाही. पुढची शंभर वर्षे हे यंत्र साहेबाच्या टेबलावर, डॉक्टरच्या दवाखान्यात आणि पेढीवाल्याच्या गादीशेजारीच बसून राहिले. सामान्य माणसाने अर्ज करावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. लग्नपत्रिकेवर फोन नंबर छापायचा तर शेजाऱ्याचा छापावयाचा आणि पुढे कंसात 'पी. पी.' लिहावयाचे. त्या दोन अक्षरांत शेजारधर्माचा केवढा इतिहास दडलेला आहे! परगावी बोलावयाचे तर एक्स्चेंजमध्ये ट्रंक 'बुक' करावयाचा. साधा, अर्जंट आणि लायटनिंग अशा त्याच्या पायऱ्या. लायटनिंगचा दर साध्याच्या आठपट, त्यामुळे घरात लायटनिंग कॉल आला म्हणजे बायका आधी रडावयास लागत आणि मग कोण गेले ते विचारीत.

ऑपरेटरवाचून थेट परगावचा नंबर फिरविण्याची सोय देशात प्रथम झाली ती लखनौ-कानपूर मार्गावर, २५ नोव्हेंबर १९६० रोजी. तीच एस्टीडी. आमच्यासारख्या गावांच्या नशिबी मात्र ती यावयास ऐंशीचे दशक उलटावे लागले. १९८४ साली 'सी-डॉट' ही संस्था निघाली, देशी बनावटीची लहान एक्स्चेंजे तयार होऊ लागली, आणि सॅम पित्रोदा यांच्या आग्रहाने टेलिफोन घरोघर देता येत नसेल तर निदान नाक्यानाक्यावर द्यावा हा विचार बळावला. पिवळ्या पाट्यांचे ते बूथ त्यातून जन्मले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे. आमच्या काकांचा एक पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. आजवर घरात त्यांच्याविषयी जे बोलणे होई ते "याचे पुढे कसे होणार" एवढेच. १९९१ साली स्टँडजवळ त्यांचा बूथ उघडला आणि तो प्रश्न घरातून नाहीसा झाला.

बूथ म्हणजे काचेची एक खोली, आत एक स्टूल, एक गरगरणारा पंखा आणि बाहेर काका. रात्री अकरानंतर दर पावपट होई, म्हणून गर्दी रात्रीच. पुण्यात शिकणाऱ्या मुलांचे बाप, सौदीत गेलेल्यांच्या बायका, नुकती लग्ने झालेल्या मुली. काचेतून आवाज जाऊ नये अशी योजना असली तरी मुंबईला बोलणारा माणूस मुंबईला ऐकू जाईल अशाच बेताने ओरडे. सगळ्या गावाची सुखदुःखे काकांच्या कानावरून गेली. पण "पेटीतले पेटीत," असे ते म्हणत, आणि त्यांच्या तोंडून कधी एक अक्षर बाहेर पडले नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला आठवते. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून सारे गाव दमून झोपलेले. चारच्या सुमारास घर हलले, भांडी पडली, आम्ही अंगणात धावलो. किल्लारीचे नाव तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. काका कुबडी घेऊन तसेच निघाले आणि उजाडण्यापूर्वी त्यांनी बूथ उघडला. काकूंचे माहेर उमरग्याकडचे. त्या रांगेत त्या स्वतःही उभ्या होत्या, आणि काकांनी त्यांना रांग मोडून पुढे घेतले नाही. दुपारपर्यंत तिकडचा एकही नंबर लागला नाही. मीटरमधून निघालेल्या त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांपैकी कितीतरींचे पैसे आलेच नाहीत, आणि काकांनी ते मागितलेही नाहीत. काकूंचे माहेर सुखरूप असल्याचे तिसऱ्या दिवशी कळले, तेही एका ट्रकवाल्याकडून.

पण मला सांगावयाची आहे ती दुसरीच गोष्ट, आणि ती सांगण्यास मी थोडा कचरतो आहे.

आमच्या अप्पांची आडत होती. बार्शी ही धान्याची, विशेषतः डाळींची जुनी पेठ. बाजारात सौदे होत ते रुमालाखाली बोटे दाबून, भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून. पण खरा रुमाल निराळाच होता. सकाळी नऊ वाजता लातूरला फोन लावावयाचा, तिथला तुरीचा भाव काय निघणार त्याचा अंदाज घ्यावयाचा, आणि मग आपल्या बाजारात बसावयाचे. काकांच्या बूथवरून हा भाव चिठ्ठीवर लिहून अप्पांकडे पोचविण्याचे काम माझे. मी सोळा वर्षांचा होतो. चिठ्ठी मुठीत धरून धावताना गाडीतळावर शेतकरी बसलेले दिसत. त्यांपैकी एक म्हातारे, वैराग बाजूचे, मला नेहमी हाक मारीत, "काय मालक, लातूरची तूर काय म्हणतीया?" आणि मी म्हणे, "ठाऊक नाही, बाबा." मुठीत चिठ्ठी असे. एखाद्या दिवशी तिथल्या आणि इथल्या भावात क्विंटलमागे पन्नास-साठ रुपयांचा फरक असे, आणि त्या फरकावर आमचे घर चाले. माझे कॉलेजही त्यावरच झाले.

आता मोबाईलकडे वळू. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलणे केले. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात जाई, आणि गंमत अशी की दुसऱ्याने आपल्याला फोन केला तरी आपल्यालाही पैसे भरावे लागत. ओळखीचा आवाज ऐकताच माणसाला घाम फुटे तो प्रेमाने नव्हे. कंपन्यांचीही दशा बरी नव्हती. परवान्यासाठी त्यांनी भरमसाट बोल्या लावल्या होत्या आणि गिऱ्हाईक मिळत नव्हते. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवानाशुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याचे ठरविले. माझ्या मते सारी कलाटणी इथे आहे. तोवर सरकारचे देणे आधीच ठरलेले, म्हणून कंपनी श्रीमंत गिऱ्हाईक शोधी. आता जितका धंदा तितके देणे, तेव्हा गरीब गिऱ्हाइकाच्याही दारी जाण्यात अर्थ आला.

मग १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हाती देण्याची योजना काढली आणि नोकियाने ११०० नावाचा, डोक्यावर विजेरी असलेला साधा फोन बाजारात आणला. जगभर तो पंचवीस कोटींहून अधिक खपला. विजेरीचे महत्त्व शहरातल्या माणसास कळणार नाही. ज्याच्या गावी रात्रीची वीज जाते आणि पहाटे मोटर चालू करावयास विहिरीवर जावे लागते त्यास विचारावे. २००४ साली देशातील मोबाईलची संख्या घरगुती फोनांच्या पुढे गेली. एकशे बावीस वर्षांत तारेने जे साधले नाही ते नऊ वर्षांत बिनतारी यंत्राने केले.

व्यापाराची रीतही यातून बदलली. पूर्वी धंदा म्हणजे थोड्यांना महाग विकणे. आता पुष्कळांना चिमूटभर विकणे आले. शांपूच्या पुडीसारखे दहा रुपयांचे रिचार्ज निघाले. २००९ मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाचा हिशेब मोडून सेकंदाला एक पैसा असा दर लावला आणि बाकीच्यांना मागोमाग जावे लागले. भारती कंपनीने तर २००४ साली आपले जाळे सांभाळण्याचे काम एरिक्सन, नोकिया यांसारख्या यंत्र पुरविणाऱ्यांवरच सोपविले आणि संगणकांचे आयबीएमवर. टेलिफोन कंपनीने टेलिफोनची यंत्रे दुसऱ्याच्या हाती द्यावी, म्हणजे हलवायाने भट्टी दुसऱ्यावर सोपवून गल्ल्यावर बसावे! तेव्हा लोक हसले. पुढे जगातल्या कित्येक कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला.

गिऱ्हाईकही काही कच्चे नव्हते. त्याने मिस्ड कॉल शोधून काढला. एकदा वाजवून बंद केला म्हणजे पोचलो, दोनदा वाजविला म्हणजे खाली ये. फुकटात चालणारी ही तारखात्याची शाखा आपल्या लोकांनी मोठ्या हुशारीने चालविली, आणि खरे तारखाते १५ जुलै २०१३ रोजी बंद झाले तेव्हा त्याची आठवण काढावयास पुष्कळांना सवड झाली नाही.

केरळच्या किनाऱ्यावर घडलेली एक गोष्ट मी पुढे वाचली, ती माझ्या जिव्हारी लागली. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने कासरगोड, कण्णूर आणि कोळिक्कोड या जिल्ह्यांतल्या कोळ्यांचा १९९७ ते २००१ या काळात अभ्यास केला व तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मोबाईल येण्यापूर्वी एका सकाळी बडगरा बंदरावर अकरा होड्यांचा तारलीचा माल गिऱ्हाईक न मिळाल्याने वाया गेला, आणि तिथून पंधरा किलोमीटरच्या आत सत्तावीस गिऱ्हाइके मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाती परतत होती. मोबाईल आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले. माल फेकणे जवळजवळ थांबले, कोळ्यांचा नफा सरासरी आठ टक्के वाढला आणि घेणाऱ्यास मासळी चार टक्के स्वस्त पडली. हे वाचताना मला समुद्र दिसला नाही. गाडीतळ दिसला, आणि स्वतःची मूठ दिसली.

तरी मासळीचा हिशेब तुरीला जसाच्या तसा लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००५ च्या सुमारास आमच्या बाजारातल्या शेतकऱ्यांच्या खिशात फोन आले. लातूरचा भाव त्यांना आमच्याइतकाच लवकर कळू लागला. अप्पांचा तो पन्नास-साठ रुपयांचा फरक दहा-पंधरावर आला. पण गाड्या लातूरला वळल्या का? काहींच्या वळल्या. पुष्कळांच्या नाही, कारण पेरणीच्या वेळची उचल त्यांनी आमच्याकडून घेतलेली, मुलीच्या लग्नाला पैसे आमच्याकडून नेलेले. भाव कळणे निराळे आणि त्या भावाला नाही म्हणता येणे निराळे. कोळ्याची होडी दुसऱ्या बंदराला वळते, उचलीत बांधलेली गाडी वळत नाही.

काकांचे काय झाले? रात्री अकराची रांग आधी आटली. मग दिवसाची. काकांनी बूथच्या काचेवर रिचार्जची कुपने टांगली, आणि काही वर्षे आधीपेक्षाही बरी गेली. ज्या यंत्राने त्यांचा धंदा खाल्ला त्याचेच दाणे ते पुडीपुडीने विकीत बसले. लोक नंबर सांगत आणि काका तो न लिहिता लक्षात ठेवीत. निम्म्या गावाचे नंबर त्यांना पाठ. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आले, नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या, त्याच वर्षी निघालेले यूपीआय हळूहळू सर्वांच्या हाती रुळले, आणि लोक आपले रिचार्ज आपणच करू लागले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये यूपीआयचे एका महिन्यातले व्यवहार हजार कोटींच्या पुढे गेले. काकांच्या जागी आता चुलतभावाचे किराणा दुकान आहे आणि गल्ल्याशेजारी एक पेटी "इतके रुपये प्राप्त झाले" असे दर मिनिटाला ओरडते. काका खुर्चीत बसून ते ऐकतात. पेटीतले पेटीत राहत नाही, एवढीच त्यांची तक्रार आहे.

त्या वैरागच्या म्हाताऱ्यांचा नातू गेल्या मार्गशीर्षात तूर घेऊन आला होता. अप्पा आता नाहीत, गादीवर मी बसतो. उचल त्याने घेतलेली नव्हती. त्याने गाडी थांबविली, फोनकडे पाहिले आणि मला विचारले, "मालक, लातूरची तूर काय म्हणतीया?" मी माझा फोन काढून सकाळचा आकडा सांगितला. तो हसला, आपला फोन माझ्यापुढे धरला. त्यावर अर्ध्या तासापूर्वीचा भाव होता, माझ्यापेक्षा चाळीस रुपयांनी चढा. मी चहा मागविला. त्याने तो घेतला आणि गाडी लातूरच्या रस्त्याला लावली.