टाके, टक्के आणि उन्हाळी स्वेटर

उन्हाळ्यात स्वेटर? हा प्रश्न बायकोने, शेजारच्या काकूंनी आणि टीममधल्या सगळ्यांनी विचारून झालाय. उत्तर सोपं आहे : ऑफिसातला एसी. बाहेर ३८, आत २१. म्हणून सुती दोऱ्याचा, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर स्वतःच विणायला घेतला. (सुलट-उलट टाके आईने मला शाळेत असतानाच शिकवले होते, हे गुपित आता फुटलं.)

अडचण आली ती पॅटर्नची. छापील पॅटर्नमध्ये सगळे आकडे हार्डकोड केलेले. आपला दोरा, सुई, हाताचा ताण वेगळा असला की संपलं. आई कधी पॅटर्न बघायची नाही. विचारलं तर म्हणायची, "अंदाजानं." आई गेली, आणि तो अंदाज कुठे लिहिलेला नाही.

शोधता शोधता एलिझाबेथ झिमरमन भेटली. जन्म १९१०, इंग्लंड. लग्न एका जर्मन माणसाशी. नाझी राजवटीमुळे देश सोडून १९३७ साली दोघं अमेरिकेत. १९५५ मध्ये तिने 'वुमन्स डे' मासिकाला एक गोल विणलेला, बिनशिवणीचा स्वेटर दिला. संपादकांनी सूचना बदलून तो सपाट तुकड्यांत विणून शिवायचा करून टाकला! आपला कोड कुणी न विचारता बदलला की कसं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बाईंनी १९५८ पासून स्वतःचंच वार्तापत्र काढलं.

तिची खरी कमाई म्हणजे टक्केवारी. एक छोटा चौकोन विणा, दहा सेंटिमीटरात किती टाके बसतात ते मोजा, दहाने भागा, छातीच्या घेराने गुणा. तो आकडा म्हणजे १००. मग गळा साधारण ४० टक्के, बाही दंडाशी ३३-३५, काखेत ८. बाकी सगळं तुमचं. स्वेटर म्हणजे एक फंक्शन, पॅरामीटर तुम्ही द्यायचे. ओळ न् ओळ पाळणाऱ्यांना ती आंधळे अनुयायी म्हणायची. आणि स्वतःच्या युक्त्यांना 'शोध' म्हणायला मात्र तयार नसायची; जगात कुठेतरी, कुठल्यातरी बाईने हे आधीच केलं असणार, असं तिचं म्हणणं. हे मला फार आवडलं.

माझं गणित : दहा सेंटिमीटरात २२ टाके, घेर १०० सेंटिमीटर, म्हणजे २२० टाके. गळा ८८. झकास! मग चौकोन धुऊन वाळवला तर २२ चे २१ झाले. त्या २२० टाक्यांचा घेर १०५ च्या आसपास गेला असता. एलिझाबेथबाई लोकरीच्या भक्त. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा असतो, ताणली तरी ती परत जागेवर येते. सुती दोरा येत नाही. वर वजनदार, त्यामुळे स्वेटर लांबतच जातो. म्हणजे उन्हाळी स्वेटर थोडा आखूड आणि तंगच विणायचा.

परवा माळ्यावरून आईने विणलेला माझा कॉलेजातला स्वेटर काढला आणि टाके मोजत बसलो. घेर १८४, गळा ७६. भागाकार केला : ४१ टक्के.

असो. दुसरा चौकोन दोरीवर वाळतोय. या वेळी सुई एक नंबर बारीक घेतलीय.