कढीपत्त्यावरचं सोंग

सेलूकडच्या परसातल्या कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या माद्या तीन तऱ्हांच्या असू शकतात. एक नरासारखीच, काळी, मागच्या पंखांवर पांढुरक्या ठिपक्यांची आडवी ओळ असलेली. दुसरी कॉमन रोज या फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोज या फुलपाखरासारखी. या दोन्ही रोजच्या अळ्या किडामारीसारख्या वनस्पती खाऊन त्यांचं विष अंगात साठवतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनची मादी मात्र बिनविषारी. तिचं सोंग पंखांपुरतंच: रोजचं अंग लाल, हिचं काळंच.

या सगळ्या एकाच जातीच्या माद्या, हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसनं 1865 मध्येच मांडलं होतं. पण इतके ठिपके, पट्टे आणि रंग एकत्रच वारशानं कसे येतात, हे कोडं उरलं. शेजारी चिकटून राहिलेल्या अनेक जनुकांचा हा गठ्ठा असावा, असं पुढे बरीच वर्षं मानलं गेलं. 2014 मध्ये ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’चे लेखक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की या सोंगाची सूत्रं डबलसेक्स या एकाच जनुकाकडे आहेत. कीटकांत नर-मादीचा फरक घडवणारं हे जुनं जनुक. कोषात पंख घडताना कुठल्या खवल्याला कोणता रंग, हे नवं काम त्याच्याकडे आलं. म्हणजे सोंगासाठी नवं जनुक जन्मलं नाही, जुन्यालाच जादा जबाबदारी मिळाली.

एका जनुकाला एवढं कसं झेपेल? रंग ते स्वतः बनवत नाही, रंग बनवणाऱ्या इतर जनुकांना हुकूम सोडतं. त्यात एकाच फटक्यात नव्हे, अनेक बदल साठत गेले. सोंग इतकं उपयोगी, तर सगळ्याच माद्या ते का घेत नाहीत? कारण नकली फार झाले, की पक्ष्यांना त्या रंगांचे बिनविषारी घासच जास्त मिळतात आणि धाक ओसरतो. नक्कल अस्सलाच्या आधारावरच तगते, हे भूगोलही सांगतो. क्रिमझन रोज भारत-श्रीलंकेच्या पट्ट्यात आहे, आणि तिची नक्कलही तेवढ्यातच. त्या पट्ट्यापलीकडे आग्नेय आशियात मॉर्मन आहे, पण हे सोंग नाही.

म्हणून कढीपत्त्यावरची अळी राखली, एवढ्यानं भागत नाही. अस्सल रोज टिकली तरच नक्कल टिकेल. बांधावरची किडामारी सरसकट उपटू नका.